कुजक्या ओंडक्यातली पिवळी मुंगी आणि श्रीलंकेची ॲन्यूरेटस

सावंतवाडीजवळून तुम्ही विचारलंय की परड्यात दोन पावसाळे पडून राहिलेला फणसाचा ओंडका फोडला, तर आत पिवळसर मुंग्या निघाल्या. बहुतेक बारीक, त्यांच्यात चार-सहा मोठ्या डोक्याच्या. श्रीलंकेत अशीच दोन आकारांची पिवळी मुंगी कुजक्या लाकडात राहते आणि तिचा वंश जगात दुसरीकडे कुठेच नाही, असं तुमच्या वाचनात आलं. ही तीच असेल का? आणि नसेल, तर एवढा सह्याद्री पाठीशी असताना ती तिकडेच का? सोबत तुम्ही तीन फोटो पाठवलेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ही ॲन्यूरेटस नाही, फायडोली आहे. तिसऱ्या फोटोत मुंगी आडवी आलीय, तिथे तिची कंबर बघा. छाती आणि पोट यांच्यामध्ये एकापाठोपाठ दोन गाठी दिसतात. ॲन्यूरेटसला एकच गाठ असते, तीही लांब दांड्यावर बसवल्यासारखी. बाकी रंग, आकार, दोन मापांच्या कामकरी, पाठीच्या मागच्या टोकाला असलेले दोन काटे, कुजक्या लाकडातलं घर, हे सगळं दोघींत इतकं सारखं आहे की तुमची शंका अगदी रास्त होती.

माझीही हीच चूक झाली होती. कुडाळजवळच्या एका देवराईत, ऑगस्टात, पातेरा चाळताना एका पोकळ काटकीतून पिवळ्या मुंग्या ताटलीत पडल्या. भिंग लावलं, कंबरेला एकच गाठ दिसली आणि माझे हात थरथरायला लागले. मी नळ्या भरल्या, वहीत मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. सोबत आलेले गावातले काका शांतपणे भिंग घेऊन बसले होते. पाचेक मिनिटांनी ते म्हणाले, "अरे, हिच्या कंबराक तर दोन गाठी आसत." मुंगीनं पोट वर दुमडलं होतं आणि दुसरी गाठ पोटाच्या कडेखाली लपली होती. काकांनी गवताच्या काडीनं पोट सरळ केलं, एवढंच. तेव्हापासून मी कुठलीही मुंगी आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवतो, सुस्तावली की बाजूनं आडवी करतो, पोट ताणून घेतो आणि मगच गाठी मोजतो. तुम्हीही हीच सवय लावून घ्या.

या गाठींना इतकं महत्त्व का, ते सांगतो, कारण सगळं वर्गीकरण तिथेच उलगडतं. सगळ्या मुंग्यांचं मिळून एकच कुळ, फॉर्मिसिडी. वर्णन झालेल्या जाती 14,000 च्या वर गेल्या आहेत. कुळाखाली उपकुळं, त्याखाली वंश, त्याखाली जाती. मी इथे वंश आणि जाती हेच शब्द वापरतो, कारण 'प्रजाती' हा शब्द काही जण एकासाठी वापरतात, काही दुसऱ्यासाठी, आणि घोळ होतो. दोन गाठी दिसल्या की आपल्याकडे बहुतेक वेळा ती मिर्मिसिनी या उपकुळातली निघते. फायडोली त्यातलीच. एक गाठ असेल, तर पोटाच्या टोकाकडे बघायचं. आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणारी आपली ओंबील एका गाठीची आहे. तिला नांगी नाही, पोटाच्या टोकाला बारीक गोल भोक आहे आणि त्यातून ती आम्ल उडवते. चावा घेऊन त्यावर आम्ल सोडते, म्हणून तर एवढी आग होते. ती फॉर्मिसिनी उपकुळातली.

तिसरा गट तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. साखरेच्या डब्याभोवती फिरणारी इवलीशी मुंगी, डोकं काळसर आणि पोट इतकं फिकट की पांढऱ्या ओट्यावर ती अर्धीच दिसते. ती टॅपिनोमा. एक बोटावर चिरडून हुंगून बघा. खवट खोबऱ्याचा वास येतो, आणि नारळाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तो ओळखायला शिकवावं लागत नाही. हे डोलिकोडेरिनी उपकूळ. यांचीही गाठ एकच, पण नांगी झिजून नावापुरती उरलेली. तिच्या जागी पोटाच्या मागच्या टोकातल्या ग्रंथींची रसायनं हे त्यांचं शस्त्र. तो खोबऱ्याचा वास तिथूनच येतो.

आता ॲन्यूरेटस यांच्याशेजारी ठेवून बघा. गाठ एक. पोटाच्या टोकाशी ग्रंथी, डोलिकोडेरिनींसारख्याच. पोटाच्या खालच्या बाजूला मागाचा वास सोडणारी पावान ग्रंथी, तीही त्यांच्यासारखीच. आणि तरीही नांगी शाबूत, पूर्ण वाढलेली. टॅपिनोमाच्या घराण्यानं जी गोष्ट टाकून दिली, ती हिनं ठेवली आहे. म्हणून शंभर वर्षांहून जास्त काळ मुंग्यांचे अभ्यासक या एका पिवळ्या मुंगीभोवती घुटमळत राहिले.

तिचा शोध लागला 1892 मध्ये. कोळ्यांचे फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमॉन त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत श्रीलंकेत हिंडले आणि इतर किड्यांसोबत मुंग्याही गोळा करून घेऊन गेले. इटलीतल्या कार्लो एमेरी यांनी 1893 मध्ये त्यांचं वर्णन छापलं आणि या मुंगीला ॲन्यूरेटस सिमोनी असं नाव दिलं. त्याच 1892 मध्ये मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्याकडच्या मुंग्यांवर लिहीत होते. पश्चिम भारतातल्या कितीतरी मुंग्यांच्या नावामागे आजही 'रॉटनी' लागतं, ते त्यांच्याच संग्रहामुळे. म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या आणि श्रीलंकेच्या मुंग्यांचा पद्धतशीर अभ्यास एकाच सुमारास सुरू झाला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'आपल्याकडे कोणी बघितलंच नसेल' ही शंका त्यानं बरीच कमी होते.

एमेरींनी ती डोलिकोडेरिनींमध्येच, पण वेगळ्या टोळीत, म्हणजे उपकुळातल्या वेगळ्या पोटगटात, ठेवली होती. मग 1955 मध्ये मुंग्यांचे अमेरिकी अभ्यासक ई. ओ. विल्सन श्रीलंकेत गेले. जुनी नोंद कँडीच्या बाजूची होती. तिथे ती मिळाली नाही, रत्नपुराकडच्या पावसाळी जंगलात मिळाली. जिवंत वसाहती हाती आल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी थॉमस आयस्नर आणि अळ्यांचे जाणकार व्हीलर पती-पत्नी यांच्यासोबत तिच्यावर सविस्तर लिहिलं. बाहेरची शरीररचना, आतले अवयव, अळ्या, वागणूक, सगळं एकत्र तपासल्यावर तिला स्वतंत्र उपकूळ देणंच योग्य, हे मत पक्कं झालं. ॲन्यूरेटिनी हे ते उपकूळ. आज जिवंत असलेला त्यातला वंश एक, आणि त्या वंशातली जातीही एकच.

हे कसं चमत्कारिक आहे बघा. फायडोली या एका वंशात हजारावर जाती आहेत. आणि तिकडे अख्खं उपकूळ एका जातीवर उभं आहे, तेही एका बेटाच्या एका कोपऱ्यात.

पण ते मुळात तसं नव्हतं. बाल्टिक किनाऱ्यावर सापडणाऱ्या राळेत, ज्याला आपण अंबर म्हणतो, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या मुंग्या जशाच्या तशा अडकलेल्या मिळतात. त्यात पॅरॅन्यूरेटस आणि प्रोटॅन्यूरेटस हे दोन वंश याच घराण्यातले आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्लोरिसंटच्या खडकात, सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वीच्या थरात, मायॅन्यूरेटसचा ठसा आहे. म्हणजे युरोप आणि अमेरिकेत, जेव्हा तिथलं हवामान उबदार आणि ओलं होतं, तेव्हा ही मंडळी होती. तिथली गेली, श्रीलंकेतली उरली.

जीवाश्मांच्या बाबतीत एक इशारा देऊन ठेवतो. म्यानमारच्या क्रिटेशियस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या काळाच्या शेवटच्या टप्प्यातल्या, अंबरमधला बर्मोमिर्मा हा एक अपुरा नमुना 1996 मध्ये याच घराण्यात घातला गेला होता. जुन्या याद्यांत तो अजून दिसेल. 2018 मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ती मुंगीच नव्हे, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातला किडा आहे असं दिसून आलं. माझी कुडाळची लपलेली गाठ आणि हा नमुना, दोन्हीकडची चूक एकाच प्रकारची. जे दिसत नाही ते गृहीत धरलं की असं होतं.

2006 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी जनुकांवरून मुंग्यांची वंशावळ मांडली. दोघांच्याही वंशावळीत ॲन्यूरेटस डोलिकोडेरिनींच्या शेजारच्या फांदीवर आली. तेव्हा 'दुवा' हा शब्द जरा जपून वापरा. पूर्वी तिला दोन गटांमधला दुवा म्हणायचे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की ही टॅपिनोमाची आजी. तसं नाही. ती चुलत बहीण आहे. दोघींचे पूर्वज डायनासोरांच्या काळात वेगळे झाले आणि तेव्हापासून दोघी सारखाच काळ बदलत आल्या. हिनं नांगी राखली, तिनं घालवली. 'आदिम मुंगी' हे लेबलही मला म्हणूनच पटत नाही. तिच्या वसाहतीत बघितलं तर मागासलेलं काही नाही.

उलट तिचा संसार बराच पुढारलेला आहे. 1980 च्या दशकात जयसूर्य आणि ट्रॅनिएलो यांनी तिच्यावर जे काम केलं, त्यातून बऱ्याच गोष्टी कळल्या. घर जंगलाच्या जमिनीवर पडलेल्या कुजक्या लाकडात आणि काटक्यांत. वसाहत लहान. आपल्याकडे आंब्याच्या एका झाडावरच्या ओंबिलींपुढे ती काहीच नाही. कामकरी दोन मापांच्या, आणि मधल्या मापाच्या जवळजवळ नाहीतच. खाण्यात मेलेले किडे, पडलेली फळं, जे गोड मिळेल ते. एखादीला अन्न सापडलं की ती परतताना पोट जमिनीला टेकवत येते आणि पावान ग्रंथीचा माग सोडते, त्या मागावरून बाकीच्या निघतात. धोका दिसला तर मागच्या टोकातली दुसरी ग्रंथी वापरते, तो इशारा असतो. मागासाठी एक रसायन, इशाऱ्यासाठी दुसरं, हीच वाटणी डोलिकोडेरिनींमध्ये आहे. म्हणजे ही व्यवस्था दोन्ही घराणी वेगळी होण्याआधीच बसलेली असणार. माझ्या मते ॲन्यूरेटसनं आपल्याला शिकवलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच. जीवाश्मात ग्रंथीचा वास उरत नाही. तो फक्त जिवंत मुंगीत मिळतो.

आता दुसरा प्रश्न, बेटावरच का?

बेटावरचे वंश साधारण दोन प्रकारचे असतात. काही तिथे उपजतात, काही तिथे उरतात. उपजण्याचं उदाहरण तुमच्या फायडोलीचंच घ्या. फिजी बेटांवर तिच्या काही जाती डोंगरमाथ्यांवर राहतात आणि त्यांच्या पाठीवर लांब काटे आलेले आहेत. त्यातल्या एकीला विल्यम मान यांनी 1921 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांचं नाव दिलं. फायडोलींचा हा गट जगात दुसरीकडे नाही. कोणीतरी एखादी राणी समुद्र ओलांडून पोचली असेल आणि रिकाम्या डोंगरांवर तिच्या वंशजांनी नवीन रूपं घेतली. हवाई बेटं तर इतकी दूर की तिथे मूळच्या मुंग्याच नाहीत, आहेत त्या सगळ्या माणसासोबत गेलेल्या. ॲन्यूरेटसचं याच्या उलट. ती तिथे उरलेली आहे.

तुम्ही म्हणाल, श्रीलंका कुठे दूर आहे? बरोबर आहे. पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे. गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, 20,000 वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरांहून जास्त खाली होता, तेव्हा भारतातून श्रीलंकेत चालत जाता येत होतं. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून एकच जैवविविधतेचा पट्टा धरला जातो, तोही याचमुळे. पण चालत जायला जमीन असणं वेगळं आणि ओल्या कुजक्या लाकडात राहणाऱ्या मुंगीला जाता येणं वेगळं. दोन्हीकडच्या पावसाळी जंगलांच्या मध्ये तमिळनाडूचा आणि उत्तर श्रीलंकेचा कोरडा पट्टा आहे. 2004 मध्ये बेडूक, खेकडे, मासे अशा प्राण्यांच्या जनुकांवरून दाखवलं गेलं की जमिनीचा पूल असूनही दोन्हीकडचे पुष्कळसे जीव वेगवेगळेच वाढले. त्यांच्यासाठी खरं पाणी तो कोरडा पट्टा होता.

आणि मग कोकण? इथे लोक मला हमखास म्हणतात की पाऊस तर आपल्याकडेही तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. पडतो, पण कधी? मृगापासून हस्तापर्यंत. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दोन्ही मोसमी वाऱ्यांच्या मधल्या महिन्यांतही पाऊस येत राहतो, त्यामुळे जमिनीवर पडलेलं लाकूड बारा महिने ओलं. तुम्ही तुमचा तोच ओंडका फाल्गुन-चैत्रात उचलून बघा. वरचा थर भुग्यासारखा, आत टणक, आणि फायडोली त्यातून निघून मुळांच्या कडेला मातीत खोल गेलेली. तिला ते जमतं. ती बी साठवते, जमिनीत उतरते, कोरड्यात तग धरते, म्हणून ती सगळीकडे आहे. सड्यावरच्या कातळाच्या भेगेतही मला ती मिळालीय. वर्षभर ओल्या लाकडावरच भिस्त असणाऱ्या मुंगीला आपला वैशाख काढणं कठीण. भारताच्या मुख्य भूमीवर ॲन्यूरेटसची खात्रीशीर नोंद आजवर नाही. कधी काळी झालीच, तर माझ्या मते ती केरळच्या दक्षिण टोकाकडच्या घाटात होईल, जिथे कोरडे महिने कमी आहेत. कोकणात नाही.

तरी देवरायांकडे मी दुर्लक्ष करत नाही. चांगल्या राखलेल्या राईत, झऱ्याच्या काठी, पातेऱ्याखाली मार्चमध्येही हाताला ओल लागते. भोवती सडा आणि काजूच्या बागा तापलेल्या असताना आत वेगळंच हवामान असतं. तिथे ज्या मुंग्या मिळतात त्या वीस पावलांवरच्या बागेत मिळत नाहीत. राईतली पडलेली झाडं साफ करून, फरशी घालून सभामंडप वाढवायचा बेत कुठे ऐकला की मला झोप येत नाही. त्या कुजक्या ओंडक्यांना सरपणापलीकडे कोणी मोजत नाही. श्रीलंकेतली ती एकमेव जाती 1996 पासून अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे, आणि तिचं घर म्हणजे असलेच ओंडके.

तुमच्या मुंग्यांबद्दल शेवटचं, कारण कंबरेवरून वंश कळला, जाती अजून कळलेली नाही. परडं तुमचं स्वतःचं आहे, तेव्हा थोड्या मुंग्या घ्यायला हरकत नाही. वनखात्याच्या जागेत मात्र परवानगीशिवाय काही उचलू नका आणि राईत गावकऱ्यांना विचारल्याशिवाय. झाकण घट्ट बसणारी छोटी काचेची बाटली आणि 70 टक्के अल्कोहोल एवढं पुरे. बारीक पाच-सहा घ्या, जास्त नकोत. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका, शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते. चिठ्ठीवर गाव, वाडी, तारीख, आणि 'फणसाच्या कुजक्या ओंडक्यात' हे शब्द हवेतच. ठिकाण नसलेली मुंगी कितीही सुंदर असली तरी अभ्यासाला निरुपयोगी. ओंडक्याचे तुकडे पुन्हा एकावर एक लावून सावलीत ठेवा, अळ्या उघड्या पडल्या असतील तर त्या संध्याकाळपर्यंत आत ओढून नेतील.

आणि मोठ्या डोक्याच्या निदान दोन तरी बाटलीत असू द्या. फायडोलीच्या बारीक कामकरी एका जातीच्या दुसरीसारख्याच दिसतात. जाती ठरते ती या मोठ्या डोक्यांवरच्या रेघा, खड्डे आणि मिशा (स्पर्शिका) टेकायचे खाचे बघून. नुसत्या बारीक पाठवल्यात, तर मला पुन्हा तुमच्याकडेच मागाव्या लागतील.